फेनतरणापूर्वीची आम्लधुलाई: सोलापुरातल्या नवशिक्यासाठी पायरीपायरीने

शाळेत असताना फेनतरण पद्धतीची आकृती बहुतेकांनी काढलेली असते: पाण्याची टाकी, त्यात दळलेले धातुक, खालून सोडलेली हवा, वर आलेला फेस आणि तळाशी बसलेली मृदा अशुद्धी. त्या आकृतीत कणाचा पृष्ठभाग दाखवता येत नाही, आणि सगळा खेळ तिथेच असतो. बुडबुडा कणाला चिकटणार की नाही हे कणाच्या पोटात कोणते खनिज आहे यावर थेट ठरत नाही. ते त्याच्या सर्वांत बाहेरच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या थरावर ठरते. फेनतरणापूर्वी दिलेली आम्लाची प्रक्रिया याच थरावर काम करते. रसायनाच्या प्रयोगशाळेत वावरण्याची सवय आहे, पण फेनतरण स्वतःच्या हाताने कधी केलेले नाही, अशा सोलापुरातल्या विद्यार्थ्यासाठी किंवा शिक्षकासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. आम्लामुळे खनिज तरंगत नाही. आम्ल फक्त कणाची जुनी कातडी काढते किंवा बदलते, आणि त्यानंतर येणाऱ्या रसायनाला काय दिसावे हे ठरवते. ती नवी कातडी टिकते की बिघडते हे आम्लानंतरच्या धुण्यावर अवलंबून असते; म्हणून बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या गावात या प्रयोगातली सर्वांत अवघड वस्तू आम्ल नसून पाणी आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे सूत रंगवणाऱ्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. कच्च्या सुतावरचा मेणचट थर कॉस्टिकमध्ये उकळून काढल्याशिवाय रंग नीट धरत नाही, आणि पाणी जड असेल तर चांगल्या रंगाचेही डाग पडतात.

आम्ल नेमके काय करते

उदाहरणासाठी आपल्या पायाखालचीच खनिजे घेऊ. सोलापूर जिल्हा दक्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या पाषाणात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि ऑगाइट ही मुख्य खनिजे असतात, आणि त्यांच्यासोबत मॅग्नेटाइट व इल्मेनाइट ही लोह-टायटॅनियमची काळी ऑक्साइडे थोड्या प्रमाणात असतात. इल्मेनाइट हे टायटॅनियमचे महत्त्वाचे धातुक आहे. ऑगाइट हा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह असलेला सिलिकेट आहे. फेनतरणात इल्मेनाइटला वर आणायचे आणि ऑगाइटला खाली ठेवायचे, हा जगभरच्या टायटॅनियम कारखान्यांपुढचा जुना प्रश्न आहे.

यासाठी सामान्यतः सोडियम ओलिएट वापरतात. हा साबणाच्या जातीचा पदार्थ आहे. त्याचे एक टोक धातूच्या आयनाला धरते आणि दुसरे तेलकट टोक पाण्यापासून दूर पळते. त्यामुळे कण जलविरोधी होऊन बुडबुड्याला चिकटतो. या कामाच्या रसायनाला कलेक्टर म्हणतात (जिल्हाधिकारी कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, हे पहिल्या तासाला दरवर्षी सांगावे लागते). अडचण अशी की इल्मेनाइटच्या पृष्ठभागावर लोह उघडे असते आणि ऑगाइटच्या पृष्ठभागावर कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह उघडे असते, त्यामुळे ओलिएट दोघांनाही धरते आणि दोन्ही खनिजे फेसात येतात.

आता हे मिश्रण विरल सल्फ्युरिक आम्लात थोडा वेळ ढवळले तर दोन कणांवर दोन उलट गोष्टी घडतात. ऑगाइटच्या पृष्ठभागावरचे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह विरघळून निघून जातात व मागे सिलिकाबहुल कातडी उरते, जिच्यावर ओलिएटला धरायला फारसे काही मिळत नाही. इल्मेनाइटच्या पृष्ठभागावरचे फेरस लोह मात्र बऱ्याच अंशी फेरिक रूपात जाते, आणि फेरिक लोहाशी ओलिएटची जोडणी फेरसपेक्षा कितीतरी घट्ट असते. एकाच आम्लाने एकाची पकड वाढते आणि दुसऱ्याची सुटते, म्हणून ही प्रक्रिया उपयोगी ठरते. ही कृपा अमर्याद नाही. आम्ल फार तीव्र घेतले किंवा फार वेळ ठेवले तर इल्मेनाइटचे लोहही विरघळू लागते आणि मिळवलेला फायदा हातातून जातो.

जाता जाता एक इतिहास. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल येथे फेनतरणाचे जे पहिले यशस्वी प्रकार चालले, त्यांत आम्ल कातडी बदलण्यासाठी नव्हते. धातुकातल्या कार्बोनेटावर आम्ल टाकून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांवरच सल्फाइडचे कण तरंगवले जात. ही गोष्ट केवळ गमतीची नाही. तुमच्या नमुन्यात चुनखडीचे कण राहिले असतील तर आम्लाच्या भांड्यात असाच फेस येईल, आणि तो फेस म्हणजे यश नव्हे.

पायरी १: नमुना

आपल्या खडी क्रशरवरची डस्ट फुकट मिळते म्हणून तिच्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळावा. बेसॉल्टचे कण इतके बारीक आणि एकमेकांत गुंतलेले असतात की ७५ मायक्रॉनपर्यंत दळले तरी इल्मेनाइटचा सुटा कण क्वचित मिळतो, आणि जो कण अर्धा इल्मेनाइट व अर्धा ऑगाइट आहे त्याला आम्लही न्याय देऊ शकत नाही. भीमा-सीनेच्या वाळूत जो काळा जड भाग दिसतो त्यात सुटे कण जास्त असतात. बांधकामाच्या ढिगातली मूठभर वाळू परातीत पाण्याने हिंदळून हा भाग वेगळा करता येतो. त्यातले मॅग्नेटाइट साध्या लोहचुंबकाने काढून टाकले की उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा असतो. ऑगाइटचे कण कडांना हिरवट-तपकिरी व अर्धपारदर्शक दिसतात, तर इल्मेनाइट अपारदर्शक आणि धातूसारख्या चमकेचे दिसते.

तरीही पहिल्या प्रयोगासाठी माझा सल्ला विकत घेतलेल्या शुद्ध नमुन्यांचाच आहे. प्रयोगशाळांना भूशास्त्रीय नमुने पुरवणाऱ्याकडून इल्मेनाइट आणि ऑगाइट वेगवेगळे घ्यावेत, वेगवेगळे दळावेत आणि प्रत्येक चाचणीसाठी ३० ग्रॅम इल्मेनाइट व ७० ग्रॅम ऑगाइट असे १०० ग्रॅम मिश्रण करावे. सुरुवातीला किती टाकले हे नेमके माहीत असले की शेवटचा हिशेब सोपा होतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे हे खरे; परंतु किनाऱ्याच्या वाळूतले इल्मेनाइट कायद्याने अणुखनिजांच्या यादीत आहे, तेव्हा सहलीला जाऊन पोते भरून आणण्याचा विचारही करू नये.

पायरी २: दळणे, चाळणे, गाळ काढणे

दळण्यासाठी चिनी मातीचा किंवा अगेटचा खल वापरावा. लोखंडी खलात दळले तर लोखंडाचा लेप सगळ्याच कणांवर बसतो, आणि पुढे आम्लाचा निम्मा पराक्रम हा खलाचा डाग काढण्यातच खर्च होतो. असे निकाल कागदावर फार सुंदर दिसतात, कारण आम्लाआधीची अवस्था आपणच बिघडवलेली असते.

दळलेला माल १०० मेश (१५० मायक्रॉन) आणि २०० मेश (७५ मायक्रॉन) या दोन चाळण्यांमधला घ्यावा. त्याहून जाड कण बुडबुड्याला पेलवत नाहीत. फार बारीक कण मोठ्या कणांवर चिकटून बसतात, म्हणून चाळल्यानंतरही उरलेला गाळ पाण्याने काढावा. साध्या मोजपात्रात माल ढवळून सोडला तर क्वार्ट्झएवढ्या घनतेचा २० मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे साडेचार मिनिटे घेतो. म्हणजे साडेचार मिनिटांनी वरचे १० सेंटिमीटर पाणी नळीने ओढून टाकले की २० मायक्रॉनपेक्षा बारीक असलेला बराचसा भाग जातो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा करावे.

पायरी ३: चुनखडीची तपासणी

नमुना शुद्ध विकत घेतला असेल तर ही पायरी एका मिनिटाची आहे. वाळूवर काम करणाऱ्यांनी मात्र ती अजिबात गाळू नये, कारण आपल्या काळ्या मातीत आणि नदीच्या वाळूत चुनखडी हमखास असते. थोड्या मालावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत. फसफसले तर कॅल्साइट आहे.

कॅल्साइट राहू देऊन थेट सल्फ्युरिक आम्ल वापरले तर काय होते, याचा हिशेब करून पाहावा. एक ग्रॅम कॅल्साइट जवळपास एक ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खाऊन टाकते आणि त्यातून सुमारे १.७ ग्रॅम जिप्सम तयार होते. साध्या पाण्यात जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळते, म्हणजे आपल्या ३०० मिलिलिटरच्या भांड्यात जेमतेम पाऊण ग्रॅम. उरलेले कणांवरच बसते. जुनी कातडी काढायला गेलो आणि नवे जिप्समचे पांघरूण घातले, असा प्रकार होतो. म्हणून चुनखडीचा माल आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने, फसफसणे थांबेपर्यंत, धुऊन घ्यावा. त्यातून होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून निघून जाते. बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या झिओलाइटांपैकी स्कोलेसाइट आणि नॅट्रोलाइट आम्लात सिलिकाचा चिकट जेल सोडतात. माल आम्लात घातल्यावर पेजेसारखा दाटला तर झिओलाइट आले आहे असे समजावे आणि तो नमुना बाजूला ठेवावा.

पायरी ४: आम्ल तयार करणे

आम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून ओळखपत्राची आणि नोंदवहीची बंधने आहेत, तेव्हा ते स्वतः दुकानातून न आणता महाविद्यालयाच्या भांडारातून, शिक्षकांच्या सहीने घ्यावे. चष्मा, जाड रबरी हातमोजे, सुती ॲप्रन आणि धूर ओढणारे कपाट यांशिवाय बाटली उघडू नये. मे महिन्याच्या दुपारी हातमोजे नकोसे होतात हे मान्य आहे. अशा वेळी प्रयोग सकाळी आठला ठेवावा, हातमोजे काढू नयेत.

सुरुवातीला ५ टक्के तीव्रता पुरेशी आहे. एक लिटर द्रावणासाठी ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्ल २८ मिलिलिटर लागते. मोठ्या बीकरमध्ये सुमारे ९०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घेऊन, काचकांडीने ढवळत, आम्ल बारीक धारेने त्यात सोडावे आणि थंड झाल्यावर एक लिटर भरावे. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे. हे सर्वांना तोंडपाठ असते, आणि तरी घाईत उलटे करणारा मी दरवर्षी एकतरी पाहतो.

पायरी ५: आम्लात ढवळणे

१०० ग्रॅम मिश्रणाला ३०० मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पात्याने १५ मिनिटे ढवळावे. तापमान ठरवून ठेवावे. ‘खोलीचे तापमान’ हा शब्द पुस्तकात सोपा वाटतो, पण सोलापुरात तो जानेवारीतल्या सकाळी एक असतो आणि एप्रिलअखेरीस चाळिशीच्या घरात जातो. तापमान वाढले की विरघळण्याचा वेग चांगलाच वाढतो, त्यामुळे हिवाळ्यात केलेली चाचणी उन्हाळ्यातल्या चाचणीशी जुळत नाही. पाण्याच्या टबात बीकर ठेवून वर्षभर ३० अंश सेल्सिअस राखले की हा वाद मिटतो.

पंधरा मिनिटांनंतर वरचे द्रावण पिवळसर झालेले दिसेल. तो रंग लोहाचा आहे, आणि पुढच्या पायरीत त्यालाच सांभाळायचे आहे.

पायरी ६: धुणे

नवशिका इथेच चुकतो, म्हणून इथे जरा थांबतो. आम्लात उतरलेले लोह अजून भांड्यातच आहे. सामू (पीएच) तीनच्या आसपास चढू लागला की फेरिक लोह पाण्यात राहत नाही. ते तांबूस हायड्रॉक्साइड होऊन जो कण समोर येईल त्याच्यावर बसते. ऑगाइटच्या ज्या सिलिकाबहुल कातडीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यावर हे लोह बसले की ओलिएटला पुन्हा धरायला जागा मिळते. अशा वेळी आम्ल देऊनही ऑगाइट आधीपेक्षा जास्त तरंगलेला मी पाहिला आहे.

पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा माझे नेमके असेच झाले. त्या दिवशी नळाला पाणी नव्हते, ऊर्ध्वपातित पाणी संपत आले होते, म्हणून धुण्यासाठी अंगणातल्या बोअरचे पाणी घेतले. पहिल्या धुण्यात काही दिसले नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या धुण्यात मात्र भांडे एकाएकी गढूळ तांबूस झाले. कारण नंतर हिशेब केल्यावर कळले. दरवेळी नव्वद टक्के पाणी बदलले तर आम्ल दहापट विरल होते, म्हणजे सामू एका धुण्यात साधारण एकने वर सरकतो. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट पहिल्या दोन धुण्यांत उरलेल्या आम्लापुढे कमी पडते, पण तिसऱ्या धुण्यात त्याचे पारडे जड होते आणि सामू तीनच्या आतून एकदम सहा-सातवर उडी मारतो. उरलेले सारे लोह त्या एका क्षणात बाहेर पडते.

म्हणून क्रम असा ठेवावा. माल बसू द्यावा आणि वरचे आम्ल जास्तीत जास्त ओतून घ्यावे. मग पहिली तीन धुणी ऊर्ध्वपातित पाण्यात आम्लाचे थोडे थेंब टाकून सामू २ केलेल्या पाण्याने, प्रत्येक वेळी सुमारे नव्वद टक्के बदलून, करावीत. याने लोह विरघळलेलेच राहते आणि हजारात एक भागापर्यंत खाली येते. त्यानंतर साधे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे आणि सामू ५ ते ६ होईपर्यंत धूत राहावे. तिसऱ्या धुण्याच्या पाण्याचे दोन थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन त्यात अमोनियम थायोसायनेटचा थेंब टाकावा. लाल रंग उमटला तर लोह अजून आहे, साध्या पाण्यावर जाण्याची घाई करू नये. सल्फेट गेले की नाही हे बेरियम क्लोराइडच्या थेंबाने येणाऱ्या पांढऱ्या गढूळपणावरून कळते.

धुतलेला माल भट्टीत वाळवून दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. नवी कातडी हवेत पुन्हा बदलते. ओला असतानाच, त्याच तासात, फेनतरणाला घ्यावा.

पायरी ७: फेनतरण आणि पुन्हा पाणी

प्रयोगशाळेत फेनतरणाचे यंत्र नसेल तर एक लिटरचा उंच बीकर, एक ढवळणी आणि मत्स्यालयाचा हवेचा पंप व त्याचा सच्छिद्र दगड यांवर काम भागते. आकडे कारखान्यासारखे येणार नाहीत, पण दोन चाचण्यांची तुलना करण्यापुरते विश्वासार्ह येतात, आणि आपल्याला तुलनाच हवी आहे.

माल एक लिटर पाण्यात घेऊन सामू ६ च्या आसपास ठेवावा. सोडियम ओलिएटचे १ टक्क्याचे द्रावण कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात त्याच दिवशी करावे. टनाला ५०० ग्रॅम या मात्रेने १०० ग्रॅम मालाला ५० मिलिग्रॅम, म्हणजे हे द्रावण ५ मिलिलिटर लागते. ते टाकून पाच मिनिटे ढवळावे, मग हवा सोडून चार मिनिटे वर येणारा फेस चमच्याने एका थाळीत काढत राहावे. ओलिएट स्वतःच फेस करते, त्यामुळे पाइन तेल सुरुवातीला घालू नये. सामू ३ किंवा ४ वर असताना ओलिएट टाकले तर ते ओलेइक आम्लाचे तेलकट थेंब होऊन वेगळे पडते. धुणे अर्धवट राहिल्याची ही दुसरी खूण.

आता या एक लिटर पाण्याचा विचार करावा. समजा बोअरच्या पाण्याची कठीणता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि ती सगळी कॅल्शियमची आहे. म्हणजे त्यात ४ मिलिमोल कॅल्शियम आहे. आपण टाकलेले ५० मिलिग्रॅम ओलिएट म्हणजे ०.१६ मिलिमोल. एक कॅल्शियम दोन ओलिएट धरते. त्या हिशेबाने या पाण्यातले कॅल्शियम आपल्या सगळ्या ओलिएटच्या जवळजवळ पन्नासपट ओलिएटला गिळू शकते. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरा चिकट साका धरतो, तसेच इथे होते. दुष्फेन हा शब्द अशा पाण्यासाठी ज्याने कोणी योजला त्याने फेनतरणवाल्यांवर उपकार केले आहेत. मात्रा वाढवून यातून सुटका होत नाही, कारण कॅल्शियम ओलिएटचे कण सगळ्यांवरच चिकटतात. म्हणून या पायरीलाही ऊर्ध्वपातित किंवा आरओचे पाणीच घ्यावे, आणि आरओचे असेल तर साबणाच्या द्रावणाने एकदा तपासून घ्यावे.

पायरी ८: चार भांड्यांची तुलना

फक्त आम्ल दिलेला नमुना तरंगवून ‘सुधारणा झाली’ असे लिहिता येत नाही. निदान चार भांडी करावीत. पहिल्यात काहीच न केलेला माल. दुसऱ्यात आम्लाऐवजी ऊर्ध्वपातित पाण्यात तितकीच १५ मिनिटे ढवळलेला आणि तितक्याच वेळा धुतलेला माल. तिसऱ्यात वर सांगितल्याप्रमाणे आम्ल दिलेला. चौथ्यात आम्ल तसेच, पण धुणे बोअरच्या पाण्याने. दुसरे भांडे फार महत्त्वाचे आहे, कारण नुसते जोराने ढवळल्यानेही कण एकमेकांवर घासून गाळ सुटतो, आणि तो फायदा आम्लाच्या नावावर जमा होऊ नये. चौथे भांडे मी मुद्दाम करून घेतो. पाण्याविषयी व्याख्यान देण्यापेक्षा ते एक भांडे जास्त शिकवते.

पायरी ९: हिशेब

फेसातला माल आणि तळाचा माल वेगवेगळे वाळवून तोलावेत. फेसातल्या मालात इल्मेनाइट किती, हे टायटॅनियमच्या रासायनिक विश्लेषणाने उत्तम कळते, पण दोनच शुद्ध खनिजांच्या मिश्रणात घनता बाटलीनेही काम होते. इल्मेनाइटची घनता सुमारे ४.७ आणि ऑगाइटची सुमारे ३.३ असते, स्वतःच्या नमुन्यांची आधी मोजून घ्यावी, कारण दोन्हींत थोडा फरक पडतो. मालाची घनता कळली की १/३.३ मधून १/घनता वजा करावे आणि त्याला १/३.३ उणे १/४.७, म्हणजे ०.०९०३, ने भागावे. येणारा आकडा म्हणजे इल्मेनाइटचा वजनी हिस्सा.

कल्पित आकड्यांनी करून पाहू. प्रक्रिया न केलेल्या भांड्यातून ३४ ग्रॅम माल फेसात आला आणि त्याची घनता ४.११ भरली, तर इल्मेनाइट ६६ टक्के, म्हणजे २२.४ ग्रॅम. सुरुवातीच्या ३० ग्रॅमपैकी हे ७५ टक्के झाले; या आकड्याला मिळकत म्हणतात. आम्ल दिलेल्या भांड्यातून ३२ ग्रॅम आला आणि घनता ४.३० भरली, तर इल्मेनाइट ७८ टक्के, म्हणजे २५ ग्रॅम, आणि मिळकत ८३ टक्के. माल कमी आला, पण त्यातले इल्मेनाइट वाढले. नेमके हेच हवे असते. मिळकत आणि शुद्धता यांतला एकच आकडा कोणी सांगितला तर दुसरा विचारावा.

एक बारीक पण प्रामाणिकपणाची बाब. आम्लात माल थोडा विरघळतो. १०० ग्रॅमचे ९८ उरले असतील तर मिळकत मूळ १०० ग्रॅमच्या आधारानेच काढावी. ९८ च्या आधाराने काढली तर आम्लाने गिळलेला माल हिशेबातून नाहीसा होतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

पुढच्या फेरीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी वेळ (५, १५, ३०, ६० मिनिटे), मग तीव्रता १० टक्क्यांपर्यंत. कुठेतरी मिळकत चढायची थांबून उतरू लागेल, आणि तुमच्या नमुन्यासाठी हवी असलेली वेळ ती. मोठा नमुना, खऱ्या यंत्रावर, तपासून घ्यायची वेळ आली तर भारतीय खाण ब्यूरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा नागपुरातच आहे.

इतर खनिजांवर जाण्यापूर्वी

इल्मेनाइटवर जे चालले ते दुसऱ्या जोडीवर तसेच चालेल असे धरू नये. फॉस्फेटच्या बाबतीत आम्ल उलटे वापरतात: उदयपूरजवळच्या झामरकोटड्यासारख्या डोलोमाइटयुक्त फॉस्फेटात, सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने सामू पाच-साडेपाचवर ठेवून फॉस्फेटला खाली दाबता येते आणि कार्बोनेटालाच फेसात काढता येते. चुन्याने दाबून ठेवलेल्या पायराइटला पुन्हा तरंगवायचे असेल तर सल्फ्युरिक आम्ल त्याच्या अंगावरचा कॅल्शियमचा व लोह हायड्रॉक्साइडचा थर काढते. मात्र सल्फाइडांचा नाद नवशिक्याने एकट्याने करू नये. अनेक सल्फाइडांवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो, आणि त्यांच्यासाठी कलेक्टर म्हणून वापरले जाणारे झँथेट आम्लात मोडून कार्बन डायसल्फाइड सोडते, जे विषारीही आहे आणि चटकन पेटणारेही. ज्या मालाला सायनाइड लागले आहे त्याच्या जवळपासही आम्ल नेऊ नये.

फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ वेगळे करण्याची जुनी पद्धत हायड्रोफ्लुओरिक आम्लावर चालते आणि ती परिणामकारकही आहे. तरीही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिला जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे आम्ल कातडीतून आत शिरून रक्तातले कॅल्शियम ओढते, विरल असेल तर जळजळ तासांनी सुरू होते, आणि त्यावरचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल तर पुढचे सांगवत नाही.

पायरी १०: वापरलेले आम्ल

वापरलेले आम्ल आणि पहिल्या तीन धुण्यांचे पाणी एकाच प्लास्टिकच्या बादलीत जमा करावे. ५ टक्क्यांच्या एक लिटर आम्लाला सुमारे ३८ ग्रॅम विरलेला चुना लागतो. तो पाण्यात कालवून, थोडा थोडा, ढवळत घालावा. एकदम ओतला तर उसळतो. सामू ७ ते ८ झाला की लोह तांबूस गाळाच्या आणि सल्फेटचा मोठा भाग जिप्समच्या रूपाने खाली बसतो. रात्रभर ठेवून वरचे निवळ पाणी सामू पुन्हा तपासून सांडपाण्यात सोडावे. खालचा गाळ कापडावर गाळून वाळवावा आणि तारीख व नमुन्याचे नाव लिहिलेल्या पिशवीत भरून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यावा. चौथ्या भांड्याचे धुण्याचे पाणी वेगळ्या बाटलीत ठेवावे. त्याच्या तळाशी बसलेला तांबूस थर पुढच्या तुकडीला दाखवायला उपयोगी पडतो.